शरदात घर उबदार कसे करावे : कोल्हापूरच्या पावसाळ्यानंतरची तयारी

कोल्हापुरात आश्विन लागला की एकाच दिवसात दोन ऋतू अनुभवावे लागतात. दुपारी ऑक्टोबरचे ऊन भाजून काढते आणि पहाटे पायाशी ठेवलेली वाकळ अंगावर ओढून घ्यावीशी वाटते. अशा दिवसांत घर उबदार करायचे म्हणजे दारे-खिडक्या लावून घ्यायच्या आणि जाड पडदे सोडायचे, असे अनेकांना वाटते. माझे मत याच्या उलट आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत भिंतींत, गाद्यांत, कपाटांत आणि लाकडात मुरलेली ओल आधी बाहेर काढली पाहिजे, कारण ओलसर घरात कितीही पांघरुणे घेतली तरी अंगाला गारवा जाणवतच राहतो. भिंतीतील पाणी हवेत उडून जाताना भोवतालची उष्णता शोषून घेते, आणि दमट होऊन दबलेल्या कापसात ऊब धरून ठेवणारी हवा उरत नाही. म्हणून शरदातील पहिले काम घर उघडण्याचे आहे; सजावटीचा विचार त्यानंतर करावा.

पश्चिमेकडची झड अडवण्यासाठी खिडक्यांना आणि सोप्याला बांधलेला प्लॅस्टिकचा कागद बऱ्याच घरांत दिवाळीपर्यंत तसाच राहतो. परतीच्या पावसाचा जोर ओसरला की तो ताबडतोब सोडावा. सकाळी दहाच्या सुमारास, बाहेरची हवा कोरडी झाल्यावर, समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात, म्हणजे वारा घरातून आरपार जातो. एकाच बाजूची खिडकी उघडून हा उपयोग होत नाही. कपाटांची दारे आणि पलंगाखालचे खण याच वेळात उघडे ठेवावेत, आणि भिंतीला चिकटवून ठेवलेले कपाट चार बोटे पुढे ओढावे, कारण बुरशी सर्वांत आधी त्याच्या पाठीमागे धरते. दिवेलागणीपूर्वी खिडक्या लावून घ्याव्यात. पावसाळ्यानंतरचे हे दिवस डासांचे असतात, तेव्हा खिडक्यांना जाळी असणे आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचू न देणे हाही याच तयारीचा भाग समजावा.

कोणती खिडकी किती उपयोगाची आहे, हे सूर्याच्या वाटेवरून ठरते. २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस आणि रात्र जवळजवळ समान होतात आणि त्यानंतर सूर्य दक्षिणेकडे कलू लागतो. कोल्हापूर विषुववृत्तापासून सुमारे पावणेसतरा अंश उत्तरेला असल्यामुळे त्या दिवशी माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साधारण ७३ अंश उंच असतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो ५० अंशांवर उतरतो. सूर्य जितका खाली, तितके दक्षिणेच्या खिडकीतून येणारे ऊन घरात आतपर्यंत पोहोचते. अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव हे याच गतीचे रूप आहे. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखांना आणि पुढे ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला मावळतीची किरणे मंदिरात शिरून गाभाऱ्याच्या दिशेने जातात. या दोन्ही वेळा डिसेंबरच्या त्या सर्वांत लहान दिवसापासून सारख्याच अंतरावर असल्याने सूर्य मावळण्याची जागाही दोन्ही वेळा तीच असते. आपल्या घरातही असे ऊन कोठून येते आणि कोठवर पोहोचते ते दोन-तीन दिवस पाहावे, आणि वृद्धांची बसण्याची जागा, मुलांची अभ्यासाची चटई किंवा दुपारी वाळवणाची परात त्याप्रमाणे हलवावी. दक्षिणेच्या खिडकीसमोर कपाट किंवा फ्रीज उभा असेल तर तो दुसरीकडे नेण्याइतका मोठा फायदा दुसऱ्या कोणत्याही खर्चात होत नाही.

भिंती

दिवाळी आली की रंग काढण्याची घाई होते, आणि ओल्या भिंतीवर दिलेला रंग पुढच्या आषाढाआधीच पोपडे धरतो. रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी ओल कोठून येते ते तपासावे. डाग पडलेल्या जागेवर हातभर प्लॅस्टिकचा जाड कागद चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक-दोन दिवस ठेवावा. कागदाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतूनच येत आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतील दमट हवा थंड भिंतीवर निवते आहे आणि वारा खेळता ठेवणे हाच त्यावर उपाय आहे. दुसरी खूण पेन्सिलीची आहे. डागाच्या कडेने रेघ ओढून शेजारी तारीख लिहावी. पाऊस थांबून तीन आठवडे झाल्यावरही डाग रेघेबाहेर पसरत असेल, तर दोष पावसाचा नसून भिंतीत किंवा वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात गळणाऱ्या नळाचा असण्याची शक्यता मोठी, आणि तेथे गवंड्याआधी प्लंबर बोलवावा.

भिंतीच्या पायथ्याशी पांढरी भुकटी आली असेल, म्हणजे लोणा लागला असेल, तर ती ओल्या फडक्याने पुसू नये, कारण ते क्षार पाण्यात विरघळून पुन्हा भिंतीत जातात. कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरून बाहेर टाकावेत. काळ्या-हिरव्या बुरशीचे मात्र उलट आहे. ती कोरडी झाडल्यास तिची भुकटी घरभर उडते, तेव्हा नाकातोंडाला फडके बांधून ती साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाने पुसावी आणि जागा उन्हा-वाऱ्यात पूर्ण सुकू द्यावी.

जुन्या पेठांतील माती-विटांच्या आणि दगडी भिंतींना ऑइलपेंट देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. तो रंग भिंतीवर बंद कातडी तयार करतो आणि आतली ओल आतच कोंडतो. अशा भिंतींसाठी चुन्याची सफेदी आजही उत्तम आहे: ती भिंतीला श्वास घेऊ देते आणि चुन्याच्या दाहकतेमुळे बुरशीलाही सहजी थारा मिळत नाही. १ किलो कळीचा चुना साधारण ५ लिटर पाण्यात विझवून २४ तास मुरू द्यावा, जाड्याभरड्या कापडातून गाळावा, त्यात गरम पाण्यात विरघळवलेला थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ मिसळावी. चुना विझताना पाणी उकळते आणि शिंतोडे उडतात. डोळे सांभाळावेत, मुलांना लांब ठेवावे आणि यासाठी प्लॅस्टिकची बादली वापरू नये. पहिला हात उभा, दुसरा आडवा, आणि दोन हातांच्या मध्ये भिंत पूर्ण वाळू द्यावी.

ज्यांच्या घरात पंचगंगेचे पाणी शिरले असेल त्यांनी या वर्षी रंगाचा विचार सोडून द्यावा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शाहूपुरीसारख्या भागांतील घरे पाण्यात गेली होती, आणि अशा भिंती आतून वाळायला कित्येक महिने लागतात. दिवाळीला फक्त सैल झालेला गिलावा काढून टाकावा, भिंत उघडी राहू द्यावी आणि रंगाचे काम उन्हाळ्यावर ठेवावे. उघडी भिंत पाहुण्यांना दिसेल याचा संकोच करू नये.

लाकडाबाबत एकच सांगणे आहे. पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकणारे दार सुताराकडून लगेच रंधून घेऊ नये. शरदात ते आपोआप आटते, आणि आधीच रंधले असेल तर थंडीत त्याच दारातून वारा शिरतो. नोव्हेंबर उजाडल्यावरही अडकत असेल तरच रंधा लावावा. लाकडी सामान कडक उन्हात न ठेवता सावलीत वाळवावे, नाहीतर ते तडकते.

अंथरूण-पांघरूण

घटस्थापनेपूर्वी घरातील सगळी अंथरुणे-पांघरुणे धुऊन वाळवायची ही आपल्याकडची रीत ऋतूला अगदी धरून आहे. सकाळी दहा ते दुपारी दोन-अडीच हा वाळवणाचा काळ. गच्ची किंवा अंगण आधी तापू द्यावे, मग चटई अंथरून त्यावर गादी टाकावी आणि मध्ये एकदा उलटावी. दुपारनंतर ढग दाटून येत असतील तर वाट पाहू नये. परतीचा पाऊस सांगून येत नाही आणि एकदा भिजलेली कापसाची गादी लवकर वाळत नाही. संध्याकाळचे दवही टाळावे. रात्रभर दोरीवर राहिलेले पांघरूण सकाळी पुन्हा दमटच असते.

कापसाची गादी उन्हात टाकूनही फुलत नसेल, आत गठ्ठे लागत असतील, तर पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्यावा. पिंजल्यावर तंतू मोकळे होतात, त्यांत पुन्हा हवा भरते आणि गादी उबेला नवी होते. नवी फोमची गादी विकत घेण्यापूर्वी हा विचार अवश्य करावा, कारण फोम ऑक्टोबरच्या दुपारी अंग तापवतो आणि त्याला कडक ऊनही सोसत नाही.

वाकळ ही या ऋतूची खरी सोबतीण आहे. जुन्या सुती लुगड्यांचे थर एकमेकांवर टाचून शिवलेले असल्याने ती घाम शोषते, त्यामुळे दमट मध्यरात्री आणि गार पहाटे दोन्हीला चालते. नवी शिववून घ्यायची असेल तर जुने सुती कापडच द्यावे. सिंथेटिक साड्यांची वाकळ दिसायला रंगीत होते, परंतु ती घाम धरत नाही आणि टाके सैल पडून थर सरकतात. धुतल्यावर ती पिळू नये, कठड्यावर टाकून पाणी आपोआप निथळू द्यावे. इचलकरंजी हाकेच्या अंतरावर असताना जाड सुती चादरी आणि पडद्याचे कापड दूरवरून मागवण्याचेही कारण नाही. पडदे मात्र दिवसा बाजूला बांधलेले असावेत.

घोंगड्याचे महत्त्व आपण विसरत चाललो आहोत, याचे मला वाईट वाटते. हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीचा परिसर घोंगड्यांसाठी ओळखला जातो, आणि तेथील विठ्ठल-बिरदेवाची मोठी यात्रा याच दिवसांत भरते. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते. घोंगड्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते, त्यामुळे नवे घोंगडे ताठ आणि टोचरे लागते. ते थेट अंगावर न घेता आधी काही महिने गादीखाली किंवा शहाबादी फरशीवर सतरंजीखाली अंथरावे. फरशीचा गारवा तेथे अडतो आणि घोंगडेही वापराने मऊ होते. ते गरम पाण्यात कधीही धुऊ नये, कारण लोकर आटते. उन्हात टाकून काठीने झटकणे पुरेसे असते. घडी करून ठेवताना कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंडाचे तुकडे मध्ये घालावेत. डांबरगोळ्या वापरणार असाल तर तान्ह्या बाळाच्या दुपट्यांजवळ त्या मुळीच ठेवू नयेत. त्यांतील नॅफ्थलीन काही बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशींना घातक ठरते.

उजेड

जूनअखेरीच्या तुलनेत नोव्हेंबरच्या मध्यात आपल्याकडे सूर्य सुमारे सव्वा तास आधी, सहाच्या आसपास मावळतो. संध्याकाळ लांबते आणि घर कसे वाटते हे दिव्यांवर ठरू लागते. बहुतेक घरांत ६५०० केल्विनची पांढरीशुभ्र ट्यूब छताजवळ असते. ती भाजी निवडायला आणि अभ्यासाला ठीक आहे, परंतु जेवणानंतर चारजण गप्पा मारत बसतात त्या खोलीत तिचा उजेड रुक्ष वाटतो. तेथे २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर, ५ ते ७ वॅटचा एलईडी दिवा बसल्यावर डोक्याच्या उंचीच्या खाली येईल असा लावावा आणि ट्यूब बंद ठेवावी. खरेदी करताना खोक्यावर केल्विनचा आकडा पाहावा.

पणत्या शाहूपुरी किंवा गंगावेशीतील कुंभार गल्लीतून घ्याव्यात. कोरी पणती तेल पिते, म्हणून ती काही तास पाण्यात भिजवून उन्हात वाळवावी आणि मग तेल घालावे. दिवाळीपुरत्याच न लावता कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत रोज एक पणती तुळशीपाशी आणि एक उंबऱ्यापाशी लावली, तर संध्याकाळी घरी परतणाऱ्याला घर आपली वाट पाहत असल्यासारखे वाटते. पडदे आणि आकाशकंदिलाच्या शेपट्या यांपासून ती लांब असावी, एवढी काळजी घ्यावी.

वास आणि स्वयंपाकघर

कोंदट वासावर सुगंधी फवारे मारणे म्हणजे ओल झाकणे. हवा खेळती झाल्यावर तो वास आपोआप जातो. त्यानंतर संध्याकाळी थोडा ऊद किंवा धूप पुरे. मागच्या दारी पावसाने माजलेला गवती चहा आले आणि गुळासह उकळत ठेवला तरी घरभर वास दरवळतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील गुऱ्हाळे पेटतात आणि नवा गूळ बाजारात येतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. नव्या भुईमुगाच्या शेंगा मीठ घालून उकडाव्यात आणि परात मध्ये ठेवून सगळ्यांनी भोवती बसावे. लोक एकत्र बसतील अशी एखादी जागा असल्याशिवाय घर उबदार होत नाही, आणि या दिवसांत ती जागा बहुधा चुलीजवळच सापडते.

डिसेंबरकडे झुकताना रात्रीचा पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा काही घरांत कोळशाची शेगडी खोलीत आणली जाते. दारे-खिडक्या बंद करून शेगडी कधीही पेटती ठेवू नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग किंवा वास नसतो आणि झोपेत माणसाला त्याची जाणीवही होत नाही. न्हाणीघरात बंब पेटवत असाल तर धूर बाहेर जाण्याची वाट मोकळी आहे ना, ते अभ्यंगस्नानाच्या आधीच पाहून घ्यावे. आजी-आजोबांच्या खोलीत शेगडीऐवजी झोपण्यापूर्वी पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी कापडात गुंडाळून ठेवावी, पलंग बाहेरच्या भिंतीपासून थोडा आत सरकवावा आणि वरची एक झडप बोटभर उघडी ठेवावी.