जोडी फ्लॅटची किंमत रास्त आहे का, हे कसे तपासावे

मुंबईत मोठे घर शोधणाऱ्याला दलाल आज ना उद्या ‘जोडी फ्लॅट’ दाखवतोच. एकाच मजल्यावरची शेजारशेजारची दोन घरे मधली भिंत काढून एक केलेली असतात. मालक त्यांची किंमत ऐसपैस मोठ्या घराच्या दराने सांगतो, पण कागदोपत्री ती बहुतेक वेळा दोन लहान घरेच राहिलेली असतात. त्यामुळे किंमत दोनदा काढावी: एकदा दोन सुटी घरे धरून आणि एकदा मुळातच मोठे म्हणून बांधलेले एक घर धरून. पहिला आकडा साधारणपणे खालची मर्यादा दाखवतो, तर दुसरा वरची. रास्त किंमत या दोहोंच्या मध्ये कुठे बसते, हे ती जोडणी किती चांगली आणि किती कायदेशीर झाली आहे यावर अवलंबून असते.

सुरुवात क्षेत्रफळापासून करावी, कारण सर्वांत मोठी फसगत तिथेच होते. जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवून दोन्ही घरांचे नोंदणीकृत करारनामे आणि महापालिकेने मंजूर केलेला मजल्याचा नकाशा मागून घ्यावा. करारात क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असेल तर त्याला १०.७६४ ने गुणले की चौरस फूट मिळतात. जुन्या करारांत पुष्कळदा बिल्ट-अप क्षेत्र, म्हणजे बाहेरच्या भिंतींसह मोजलेले क्षेत्र, लिहिलेले असते. रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याच्या व्याख्येतील कार्पेट क्षेत्रात, म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या जागेत, घरातल्या आतल्या भिंती धरल्या जातात, मात्र बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरली जात नाही. तुलना करायची असलेली सर्व घरे आधी एकाच मापावर आणावीत, नाहीतर पुढचे सगळे गणित व्यर्थ जाते. त्यानंतर टेप घेऊन खोल्या स्वतः मोजाव्यात.

जोडी फ्लॅटच्या मोजमापात दोन गोष्टी हमखास घुसडलेल्या असतात. दोन्ही दारांसमोरची सामाईक लॉबी नवा दरवाजा बसवून आत घेतलेली असते आणि खिडक्यांबाहेरचे फ्लॉवर बेड (झाडांसाठीचे कट्टे) खोलीत मिळवलेले असतात. लॉबी सोसायटीच्या मालकीची आहे, त्यामुळे मालक ती विकू शकत नाही आणि तिच्यासाठी एक रुपयाही देण्याचे कारण नाही. आत घेतलेले फ्लॉवर बेडही मंजूर नकाशात खोली म्हणून दाखवलेले नसतील, तर त्यांना कार्पेटचा दर लावू नये.

हा फरक किती मोठा असतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून कळेल. प्रत्येकी ६२० चौ. फूट कार्पेटची दोन घरे मिळून १२४० चौ. फूट होतात. मालक लॉबी आणि फ्लॉवर बेड धरून १४०० चौ. फूट सांगतो आणि ३३,००० रुपये दराने ४ कोटी ६२ लाख मागतो. त्याच परिसरात सुटी दोन बेडरूमची घरे ३०,००० च्या आणि मुळातली मोठी घरे ३४,००० च्या दराने विकली जात असतील, तर ही मागणी वरकरणी समंजस वाटते. खऱ्या क्षेत्राने भागल्यावर मात्र दर ३७,२०० च्याही वर जातो. आपल्या दोन मर्यादा येतात ३ कोटी ७२ लाख आणि सुमारे ४ कोटी २२ लाख. म्हणजे मालकाची मागणी वरच्या मर्यादेपेक्षाही ४० लाखांनी जास्त आहे.

आता हे ३०,००० आणि ३४,००० आणायचे कुठून? संकेतस्थळांवरच्या जाहिरातींत दिसतात त्या मागण्या; सौदे प्रत्यक्षात किती रुपयांना झाले ते दिसते नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सुविधेवरील इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या सारांशात. त्याच इमारतीतले आणि लगतच्या दोन-तीन इमारतींतले गेल्या वर्ष-दीड वर्षातले व्यवहार काढून प्रत्येकाचा कार्पेटवरचा दर मांडावा. एखाद्या व्यवहारात दोन पार्किंग असतील किंवा नात्यातली विक्री वाटत असेल, तर तो बाजूला ठेवावा. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठी आवश्यक आहे, पण बाजारभाव म्हणून त्याच्यावर विसंबू नये. मोठ्या घरांचे व्यवहार थोडे मिळतात, आणि तीही एक माहितीच आहे: चार-साडेचार कोटींचा ग्राहक कमी असतो, घर महिनोन्‌महिने पडून राहते आणि घासाघीस करायला खरेदीदाराला वाव मिळतो.

मर्यादा ठरल्या की घराचा आराखडा पाहावा. मुळातले मोठे घर एका कुटुंबासाठी आखलेले असते. जोडी फ्लॅटमध्ये दोन प्रवेश-पॅसेज, दोन स्वयंपाकघरे आणि नको तिथे एखादे संडास-बाथरूम उरते. दुसऱ्या स्वयंपाकघराची खोली होऊ शकते, पण बाथरूम सहजासहजी हलवता येत नाही, कारण त्याच्या पाइपांची जागा ठरलेली असते आणि खालच्या घराच्या स्वयंपाकघरावर बाथरूम आणलेले कोणताही शेजारी खपवून घेणार नाही. दिवाणखान्याच्या मधोमध छतातून लोंबणारी तुळई आणि दोन्ही बाजूंच्या लादीतला उंचीचा फरक हेही नजरेतून सुटू देऊ नये. निरुपयोगी पॅसेजचे चौरस फूट वरच्या मर्यादेच्या हिशेबातून वजा करावेत आणि दुरुस्तीचा खर्च ठेकेदाराकडून लेखी घेऊन तोही उतरवावा. आपल्या उदाहरणात ६० चौ. फूट पॅसेज आणि १२ लाखांची दुरुस्ती वजा केली, तर वरची मर्यादा ३ कोटी ८९ लाखांच्या आसपास येते.

यानंतर मधल्या भिंतीकडे वळावे. खांब आणि तुळयांच्या इमारतीतली विटांची भरावाची भिंत काढणे आणि अलीकडच्या टॉवरमधली काँक्रीटची शिअर वॉल (इमारतीला मजबुती देणारी भिंत) कापणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकाराने इमारतीच्या मजबुतीलाच धक्का लागतो, आणि तसे झाल्याचे दिसले तर माझ्या मते किमतीची चर्चाच थांबवावी. पहिल्या प्रकारातही सोसायटीची लेखी परवानगी, स्ट्रक्चरल इंजिनिअरचे प्रमाणपत्र आणि महापालिकेने मंजूर केलेला सुधारित नकाशा मागावा. हे कागद नसतील तर नोटीस येण्याची टांगती तलवार नव्या मालकावर येते आणि कर्ज देणाऱ्या बँकेचा मूल्यांकनकारही अडून बसतो. अशा घराला वरच्या मर्यादेकडे सरकण्याचा हक्क नाही. त्याची किंमत दोन सुट्या घरांइतकी धरून त्यातून भिंत पुन्हा बांधण्याचा आणि घरे पूर्ववत करण्याचा खर्च वजा करावा.

दरमहाचा खर्च पुष्कळजण विसरतात. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार) सहकारी सोसायटीत सेवाशुल्क क्षेत्रफळावर ठरत नाही; ते सर्व सदनिकांवर समान वाटले जाते. त्यामुळे दोन सदनिका म्हणून नोंदलेल्या जोडी फ्लॅटला ते दुप्पट बसते. सेवाशुल्क महिना ६,००० रुपये असेल, तर तेवढ्याच मोठ्या एका सदनिकेपेक्षा वर्षाला ७२,००० रुपये जास्त जातात; वर्षाला आठ टक्के परतावा धरला तर एवढी रक्कम मिळवायला ९ लाखांचे भांडवल लागते, म्हणजे हा ९ लाखांचा बोजा होतो. सोसायटीचे हस्तांतरण अधिमूल्यही (सदनिका नव्या मालकाच्या नावावर करताना घेतली जाणारी रक्कम) दोनदा द्यावे लागते. महापालिका क्षेत्रात त्याची कमाल मर्यादा प्रत्येक सदनिकेमागे २५,००० रुपये आहे.

मग दोन्ही घरे कागदावर एकच करून घ्यावीत का? घाई करू नये. मुंबई महापालिका हद्दीत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौ. फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता कर माफ आहे, ४८० चौ. फुटांची दोन घरे एक झाली की ही माफी हातची जाते. पुनर्विकासातही काही लाभ सदनिकेच्या संख्येवर मोजले जातात आणि कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारा एकरकमी निधी) कधीकधी प्रत्येक घरामागे ठरतो. शिवाय अडचणीच्या वेळी अर्धे घर विकण्याची सोय दोन स्वतंत्र भागप्रमाणपत्रांमुळेच (सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटांमुळेच) राहते. जुन्या इमारतीतल्या, रीतसर परवानगीने जोडलेल्या आणि कागदावर दोनच राहिलेल्या घराला मी म्हणूनच थोडी अधिक किंमत देईन.

पार्किंगच्या नावाखाली मागितलेली जादा रक्कम सोसायटीचे वाटपपत्र पाहिल्याशिवाय मान्य करू नये. मोकळी किंवा स्टिल्टखालची (इमारतीखालच्या खांबांमधली) पार्किंगची जागा बिल्डरला सदनिकेसारखी वेगळी विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले आहे.

किमतीचा प्रस्ताव देताना दोन करारनाम्यांत रक्कम कशी विभागली जाणार आहे, हे आधीच ठरवून घ्यावे. एका घरावर फुगवलेली आणि दुसऱ्यावर रेडी रेकनरच्या खाली गेलेली रक्कम दाखवली, तर त्या दुसऱ्या घराचे मुद्रांक शुल्क तरीही रेडी रेकनरवरच आकारले जाते आणि प्राप्तिकराचा प्रश्न वेगळाच उभा राहतो. मुंबईत मेट्रो अधिभारासह ६ टक्के शुल्क आणि प्रत्येक दस्ताची कमाल ३०,००० रुपये नोंदणी फी आपल्या हिशेबात धरावी. टोकनची रक्कम दोन्ही भागप्रमाणपत्रे, दोन्ही सदनिकांची थकबाकी नसल्याचे सोसायटीचे पत्र आणि भिंतीच्या परवानगीची प्रत हाती आल्यावरच द्यावी.