कंपनीची कुंडली कागदांवरून कशी काढावी

मोठा माल उधारीवर द्यायचा असो, नोकरीचे पत्र हातात असो की फ्लॅटचे टोकन भरायचे असो, लोक आधी कंपनीची वेबसाइट उघडतात. ती सर्वांत शेवटी उघडावी. तिथे कंपनीला सांगावेसे वाटते तेवढेच असते. कंपनी निबंधक, शेअर बाजार, न्यायालये आणि वर्तमानपत्रांतल्या जाहीर सूचना यांत असते ते तिला सांगणे भाग पडलेले असते, आणि यातले बरेचसे फुकट किंवा थोड्या शुल्कात पाहायला मिळते.

सुरुवात करण्यापूर्वी आपला प्रश्न एका ओळीत लिहून काढा. उधारीचा प्रश्न असेल तर बँकांचे बोजे (कर्जासाठी मालमत्तेवर दिलेले तारण) आणि चेक न वटल्याचे खटले महत्त्वाचे. नोकरीचा असेल तर भविष्य निर्वाह निधीचा भरणा. प्रश्न ठरलेला नसला की शंभर पीडीएफ जमतात आणि निष्कर्ष निघत नाही.

आधी नेमके नाव पक्के करा

पाटीवरचे ‘अमुक ग्रुप’ किंवा ‘तमुक इंडस्ट्रीज’ हे नाव कायद्याच्या दृष्टीने कोणाचेही असू शकते. म्हणून हातात एखादे बिल घ्या. त्यावरच्या पंधरा अंकाक्षरी जीएसटी क्रमांकात पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. या जीएसटी क्रमांकाचे सहावे अक्षर पाहा: ‘सी’ असेल तर कंपनी, ‘एफ’ असेल तर भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी), ‘पी’ असेल तर एक व्यक्ती, ‘एच’ असेल तर हिंदू अविभक्त कुटुंब. बिलावर ‘प्रा. लि.’ छापले आहे आणि सहावे अक्षर ‘पी’ आहे, असे दिसले तर पुढचे सगळे थांबवून खुलासा मागा. जीएसटीच्या संकेतस्थळावर हाच क्रमांक टाकला की कायदेशीर नाव, व्यापारी नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द, आणि विवरणपत्रे कधी भरली हे लॉगिन न करता दिसते.

एकट्याच्या मालकीच्या धंद्याचा ताळेबंद कुठेही खुला नसतो. भागीदारी संस्था १९३२च्या कायद्याखाली राज्याच्या भागीदारी संस्था निबंधकाकडे नोंदतात, पण नोंदणी सक्तीची नाही आणि तिथे हिशेब मिळत नाहीत. एलएलपीची नोंद कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाकडे (एमसीए) असते आणि तिचे फॉर्म ८ (हिशेब) व फॉर्म ११ (वार्षिक विवरण) पाहता येतात. इथून पुढचे बहुतेक विवेचन कंपनीबद्दल आहे.

कंपनीचा ओळख क्रमांक म्हणजे सीआयएन, एकूण २१ अक्षरे. २०१३च्या कंपनी कायद्याप्रमाणे तो लेटरहेडवर आणि बिलावर छापावाच लागतो. पहिले अक्षर ‘एल’ म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, ‘यू’ म्हणजे नसलेली. नंतरचे पाच आकडे उद्योगाचे, दोन अक्षरे राज्याची, चार आकडे स्थापनेच्या वर्षाचे, तीन अक्षरे प्रकाराची (पीटीसी म्हणजे खासगी, पीएलसी म्हणजे सार्वजनिक) आणि शेवटचे सहा आकडे नोंदणीचे. ‘१९७२पासून सेवेत’ असा दावा आणि सीआयएनमध्ये २०१९ यात दरवेळी लबाडीच असते असे नाही, जुन्या भागीदारीची कंपनी केली असू शकते. पण मग जुन्या पेढीची देणी कोणाकडे गेली, हे विचारायलाच हवे. कंपनी खासगीची सार्वजनिक झाली, शेअर बाजारात नोंदली गेली किंवा दुसऱ्या राज्यात गेली की सीआयएन बदलतो. त्यामुळे जुन्या कागदावरचा क्रमांक आताच्या नोंदीशी जुळला नाही तर घाबरू नका, पॅन ताडून पाहा.

निबंधकाकडचे कागद

एमसीएच्या संकेतस्थळावर कंपनीचा मास्टर डेटा फुकट दिसतो: सध्याची स्थिती, नोंदणीकृत कार्यालय, अधिकृत व भरणा झालेले भांडवल, शेवटच्या वार्षिक सभेची आणि ताळेबंदाची तारीख, संचालक, बोजे. भरणा झालेले भांडवल म्हणजे कंपनीची ऐपत नव्हे. एक लाखाच्या भांडवलावर शंभर कोटींची उलाढाल असू शकते आणि उलटही. इथे आधी पाहायची ती ताळेबंदाची तारीख.

मार्चअखेर वर्ष संपले की वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. सभेनंतर ३० दिवसांत हिशेब एओसी-४ या फॉर्ममधून आणि ६० दिवसांत वार्षिक विवरण एमजीटी-७ किंवा छोट्या कंपन्यांसाठी एमजीटी-७एमधून सादर करायचे असते. म्हणून ऑगस्टमध्ये शोध घेतलात तर हातात येणारा ताळेबंद बहुधा मागच्या वर्षीच्या मार्चचा, जवळजवळ दीड वर्ष जुना असतो. हा दोष नाही. डिसेंबर उजाडूनही ताजा ताळेबंद नसेल तर मात्र खूण करून ठेवा. सलग तीन वर्षे हिशेब दिले नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात, तेव्हा एवढा उशीर कोणी हौसेने करत नाही.

मूळ कागद पाहण्यासाठी ‘व्ह्यू पब्लिक डॉक्युमेंट्स’ ही सोय आहे. दर कंपनीमागे शुल्क १०० रुपये. पैसे भरल्यावर कागद ठरावीक मुदतीत आणि काही तासांतच पाहून उतरवून घ्यावे लागतात, म्हणून निवांत वेळ असेल तेव्हाच पैसे भरा. शेवटच्या तीन वर्षांचे एओसी-४ आणि एमजीटी-७, सगळे सीएचजी-१ (तारणाची नोंद), एडीटी-३ आणि डीआयआर-१२ (संचालकांतले बदल) आधी घ्या. यांतला एडीटी-३ म्हणजे लेखापरीक्षकाचा राजीनामा. राजीनाम्याचे कारण त्यात लिहिलेले असते. ‘इतर कामांचा व्याप’ असे कारण वर्षाच्या अधेमधे आले असेल, तर नव्या लेखापरीक्षकाचा पहिला अहवाल बारकाईने वाचा. हे कागद माहितीच्या अधिकारात मागत बसू नका. कंपनी कायद्यातच पाहण्याची सोय असल्याने तसे अर्ज फेटाळले जातात.

ताळेबंद उलट्या क्रमाने वाचावा, म्हणजे आधी लेखापरीक्षकाचा अहवाल, मग टिपा, मग आकडे. अहवालात अभिप्राय निखळ आहे की त्याला ‘क्वालिफाइड’ची, म्हणजे आक्षेपाची, शेपटी आहे, धंदा पुढे चालू राहील का याबद्दलचा ‘गोइंग कन्सर्न’ हा शब्द कुठे आला आहे का, हे पाहा. मोठ्या कंपन्यांच्या अहवालाला कॅरो २०२० हे परिशिष्ट जोडलेले असते. त्यातले सातवे कलम जीएसटी, भविष्य निधी यांसारख्या वैधानिक थकबाकीचे आणि नववे कर्जफेडीतल्या कसुरीचे. चाळीस पानांच्या अहवालातले सर्वांत कामाचे दोन परिच्छेद बहुतेक वेळा हेच असतात. बऱ्याच लहान खासगी कंपन्यांना कॅरो लागू नसतो, त्यामुळे परिशिष्ट नाही म्हणून लगेच संशय घेऊ नका.

टिपांमध्ये संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार शोधा. संचालकाच्या दुसऱ्या कंपनीला बिनव्याजी कर्ज, त्याच्याच जागेचे भाडे, विक्रीतला मोठा वाटा भावाच्या फर्मला, हे इथे उघडे पडते. त्यानंतर संभाव्य देणी. आकड्यांत एकच गोष्ट आधी तपासा: नफा होतो आहे, पण ग्राहकांकडची येणी विक्रीपेक्षा वेगाने वाढत आहेत का? आणि आकडे लाखांत आहेत, हजारांत की कोटींत, हे पानाच्या वरच्या कोपऱ्यात बघून मगच लिहून घ्या. तुलना करताना एका वर्षी स्वतंत्र हिशेब आणि दुसऱ्या वर्षी उपकंपन्यांसह एकत्रित हिशेब घेणे ही नेहमीची चूक आहे.

बोजे

कर्जासाठी तारण दिले की ३० दिवसांत सीएचजी-१ नोंदवावा लागतो. त्याला जोडलेल्या करारात कर्जाची रक्कम आणि तारणाची मालमत्ता दिसते. उधारीवर माल देणाऱ्याने हा करार वाचलाच पाहिजे, कारण ‘सध्याचा आणि पुढे येणारा सर्व साठा व येणी’ बँकेकडे नजरगहाण असेल तर तुमचा माल गोदामात उतरला की तोही त्या तारणात गेला.

यादीत उघडा दिसणारा प्रत्येक बोजा जिवंत असतोच असे नाही. कर्ज फिटल्यावर सीएचजी-४ भरायला कंपन्या विसरतात. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली, तरी एखाद्या जुन्या नोंदीत तिचे नाव भेटू शकते. रक्कम ताळेबंदातल्या कर्जाशी जुळते का ते पाहा. सरकारी बँकेचा बोजा मिटला आणि त्याच मालमत्तेवर वित्तकंपनीचा नवा बोजा बसला असेल, तर कर्ज महागले का, याचे उत्तर व्याजखर्चाच्या आकड्यात शोधा.

पतमानांकन आणि शेअर बाजार

शेअर बाजारात नसलेल्या मध्यम कंपनीबद्दल सर्वांत वाचनीय कागद बऱ्याचदा पतमानांकन संस्थेचा असतो, आणि फार थोडे लोक तो शोधतात. क्रिसिल, इक्रा, केअर, इंडिया रेटिंग्ज, अॅक्युइट, इन्फोमेरिक्स यांच्या संकेतस्थळांवर कंपनीचे नाव टाका. बँक कर्जाला मानांकन घेतले असेल तर त्यामागची कारणे, ग्राहकांचे केंद्रीकरण आणि रोकड किती ताणलेली आहे हे फुकट वाचायला मिळते. ‘इश्युअर नॉट कोऑपरेटिंग’ असा शेरा असेल तर कंपनीने माहिती देणे बंद केले आहे आणि ते मानांकन जुन्या माहितीवर उभे आहे.

नोंदलेल्या कंपनीचे काम सोपे. बीएसई आणि एनएसईवर तिमाही निकाल, वार्षिक अहवाल आणि भागधारकांचे तक्ते असतात. त्यात प्रवर्तकांचे किती शेअर गहाण आहेत ते तिमाहीगणिक टिपून घ्या. आयपीओ येऊन गेला असेल तर सेबीच्या संकेतस्थळावरचे माहितीपत्रक उघडा आणि जोखमीचे घटक व प्रलंबित खटले ही दोन प्रकरणे वाचा. मूळ कंपनी परदेशी असेल तर अमेरिकेच्या एसईसीचे एडगर आणि ब्रिटनचे कंपनीज हाउस ही दोन्ही दालने फुकट आहेत.

न्यायालये आणि जाहीर सूचना

ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने शोधताना जिल्हा, न्यायालय आणि वर्ष निवडावे लागते, म्हणजे शोध अनेकदा करावा लागतो. पूर्ण नाव टाकू नका. नावातला वेगळा शब्द तेवढा टाका, कारण ‘प्रायव्हेट’, ‘प्रा.’, ‘पीव्हीटी’ असे काहीही नोंदलेले असते. मोठ्या कंपनीवर शेकडो दावे असणे नेहमीचेच. दावा कोणी केला ते पाहा. परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खालचे, म्हणजे चेक न वटल्याचे, पुरवठादारांनी केलेले खटले एकामागून एक असतील तर उधारीचा विचार सोडून द्या. दिवाळखोरीची प्रकरणे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, आणि त्यातल्या जाहीर घोषणा दिवाळखोरी मंडळाच्या (आयबीबीआय) संकेतस्थळावर असतात. सिबिलची दावा दाखल झालेल्या कर्जदारांची यादीही खुली आहे: १ कोटी व त्यावरची खाती, आणि हेतुपुरस्सर कर्जबुडव्यांची २५ लाखांपासूनची.

मराठी वर्तमानपत्राचे मागचे पान इथे इंग्रजीपेक्षा कमी कामाचे नाही. थकीत कर्जाच्या वसुलीच्या सरफेसी कायद्यात बँकेने तारणाचा ताबा घेतला की त्याची सूचना दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते आणि त्यातले एक स्थानिक भाषेतले असावे लागते. ‘प्रतीकात्मक ताबा’ हे शब्द, कर्जदाराचे नाव, थकीत रक्कम आणि मालमत्तेच्या चतुःसीमा सगळे छापलेले असते. हा मजकूर बऱ्याचदा चित्ररूपात असल्याने इंटरनेटच्या शोधात येत नाही, तेव्हा ई-पेपर किंवा ग्रंथालयातले अंक चाळावे लागतात.

नोकरीसाठी शोध घेणाऱ्याने ईपीएफओच्या (कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना) संकेतस्थळावरील आस्थापना शोधात जावे. कोणत्या महिन्याचा भरणा किती जणांसाठी झाला ते तिथे दिसते. जाहिरातीत पाचशे कर्मचारी आणि भरणा चाळीस जणांचा, तर बाकीचे कंत्राटी आहेत का, हे मुलाखतीत विचारता येते. बांधकाम कंपनीसाठी महारेरा, ठेवी मागणाऱ्यासाठी रिझर्व्ह बँकेचे सचेत हे संकेतस्थळ, मोठ्या कारखान्यासाठी पर्यावरण मंजुरीचे परिवेश संकेतस्थळ पाहा. परिवेशवरच्या अहवालात उत्पादनक्षमता असते, ती वेबसाइटवरच्या दाव्याशी ताडता येते.

ग्रंथालयात काय मागावे

विद्यापीठे आणि व्यवस्थापन संस्थांच्या ग्रंथालयांत सीएमआयईचे प्रोवेस किंवा कॅपिटालाइन हे कंपन्यांच्या हिशेबांचे डेटाबेस असतात. घरून प्रवेश बहुधा मिळत नाही, पण वाचनकक्षात बसून पाहू देतात का, हे ग्रंथपालांना आधी फोन करून विचारा. ‘माहिती हवी’ असे न म्हणता ‘या सीआयएनच्या कंपनीचे दहा वर्षांचे हिशेब आणि याच उद्योगातल्या पाच कंपन्यांशी तुलना’ असे सांगितले तर काम तासाभरात होते. इंटरनेटपूर्व काळातल्या कंपनीसाठी वर्तमानपत्रांचे बांधीव खंड, राजपत्रे, शेअर बाजाराच्या जुन्या डिरेक्टऱ्या आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिका मागा. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय अर्थशास्त्र व सरकारी अहवालांसाठी ओळखले जाते. जुन्या दिवाळी अंकांतल्या जाहिरातीही पडताळ्याला उपयोगी पडतात: कारखान्याचा पत्ता, त्या वर्षी विकला जाणारा माल, कधी कधी वितरकांची नावेही.

टिपण करताना प्रत्येक माहितीपुढे कागदाचे नाव, तो कोणत्या तारखेचा आणि आपण कधी पाहिला, हे तिन्ही लिहा. संचालकाची ओळख नावावरून न ठरवता त्याच्या आठ आकडी डीआयएनवरून (संचालक ओळख क्रमांक) ठरवा, कारण एकाच नावाचे अनेक असतात. खासगी संकेतस्थळांवर हीच माहिती आयती मिळते, पण ती कधी उतरवली ते कळत नाही, म्हणून तिचा उपयोग फक्त धागा सापडण्यापुरता करा. आणि सही करण्याच्या आदल्या दिवशी मास्टर डेटा, बोजांची यादी आणि जीएसटी नोंदणी पुन्हा एकदा पाहा. तिन्हीत मधल्या काळात बदल झालेला असू शकतो.