स्क्रॅबल स्पर्धेची तयारी: शब्द नंतर, यादी आधी

स्पर्धा कोणत्या शब्दयादीवर खेळली जाणार आहे, हे आयोजकांना आजच फोन करून विचारा. शब्द पाठ करायला बसण्याआधी. इंग्रजी स्क्रॅबलला उत्तर अमेरिकेत एक यादी चालते, एनडब्ल्यूएल. बाकी बहुतेक जगात दुसरी, कॉलिन्स. दोन अक्षरी शब्द पहिलीत १०७, दुसरीत १२७. हा वीसचा फरक किरकोळ वाटतो ना? मलाही वाटला होता. मी कॉलिन्स घोकून गेलो आणि स्पर्धा निघाली अमेरिकन यादीची.

झालं असं. बोर्डवर दोन ‘ओ’ अशा बेताने पडले होते की मधल्या तिप्पट अक्षराच्या घरात एक झेड ठेवला की आडवा आणि उभा, दोन्हीकडे झेड-ओ तयार. झो म्हणजे याक आणि गाय यांच्या संकरातलं जनावर. झेडच्या दहाचे तीस, वर ओचा एक, दोनदा: बासष्ट गुण. समोरच्याने शांतपणे ‘चॅलेंज’ म्हटलं, म्हणजे शब्दाला हरकत घेतली, संगणकाने नाही म्हटलं, टाइल (अक्षराची सोंगटी) परत रॅकवर, म्हणजे माझ्या समोरच्या पट्टीवर, आणि माझी पाळीही गेली. झो फक्त कॉलिन्समध्ये आहे. म्हणून म्हणतो, यादी विचारा. सालही विचारा: ओ-के हा शब्द अमेरिकन यादीत २०१८ला आणि कॉलिन्समध्ये २०१९ला आला. घरातलं जुनं पुस्तक तो चुकीचाच ठरवेल.

आता शब्द. सुरुवात क्यूपासून, कारण दहा गुणांची ही टाइल शेवटपर्यंत हातात राहिली तर जड जाते, आणि यू येईल म्हणून वाट बघणं हा मूर्खपणा आहे. क्यू-आय, उच्चार ‘ची’, चिनी विचारातली प्राणशक्ती. क्यू-ए-टी, येमेनकडे चघळतात तो पाला. क्यू-ए-आय-डी, उत्तर आफ्रिकेतला टोळीप्रमुख. क्यू-ओ-पी-एच, हिब्रू अक्षर. पाच अक्षरांत क्यू-ए-एन-ए-टी, इराणमधला पाणी आणणारा भुयारी कालवा, आणि एफ-ए-क्यू-आय-आर, म्हणजे आपला फकीर. हा आपल्याला फुकट मिळतो, फक्त कच्या जागी क्यू लिहायचा. हे सगळे दोन्ही याद्यांत आहेत, निर्धास्त लावा.

झेडसाठी झेड-ए, पिझ्झाचं लाडकं रूप. हसू नका, दोन्हीकडे चालतं. झेड-ओ आणि झेड-ई मात्र फक्त कॉलिन्स. जे-ओ म्हणजे स्कॉटिश बोलीत प्रियकर, दोन्हीकडे. जे-ए फक्त कॉलिन्स. सी-एचसुद्धा. वहीत अशा शब्दांपुढे लाल खूण करा. माझ्या वहीत ती नव्हती.

एक्सला भ्यायचं कारणच नाही. ए, ई, ओ यांच्यानंतर लागतो, आय आणि यूच्या आधी. एक्स-आय ग्रीक अक्षर, एक्स-यू व्हिएतनामचं चिल्लर नाणं.

रॅकवर स्वर तुंबले तर ए-ए, हवाईमधला खडबडीत लाव्हा. ओ-ई, फेरो बेटांवरची वावटळ. ए-आय म्हणजे तीन बोटांचा स्लॉथ. कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हे, संक्षेप इथे चालत नाहीत. उलट स्वर एकही नसेल तर सी-डब्ल्यू-एम, उच्चार ‘कूम’, हिमनदीने कोरलेली दरी. एव्हरेस्टच्या वाटेवरचं वेस्टर्न कूम तेच. व्हीचा दोन अक्षरी शब्द दोन्ही याद्यांत एकही नाही, त्यामुळे त्याच्या शेजारून समांतर शब्द लावायला जाऊ नका. तो प्रतिस्पर्ध्याची वाट अडवायला ठेवा.

अर्थ पाठ करायलाच हवेत असं नाही. न्यूझीलंडचे स्क्रॅबलपटू नायजेल रिचर्ड्स २०१५मध्ये फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकले, फ्रेंच बोलता येत नसताना. पण आपण नायजेल रिचर्ड्स नाही. मला तरी अर्थाच्या खुंटीशिवाय शब्द टिकत नाहीत. जनावर, नाणं, वारा असं काहीतरी दिसावं लागतं. (झो अजूनही डोळ्यासमोर दिसतो, मेला.)

हे झालं की पुढे-मागे काय जोडता येतं ते बघा. क्यू-आयला एस लागतो, ए-एक्सच्या आधी एल, टी, झेड लागतात. आणि हो, असे जोडून झालेले शब्दही त्याच यादीतून तपासायचे. कोणत्या? विचारलं का अजून?

चॅलेंज चुकला तर काय, तेही त्याच फोनवर विचारून घ्या. कुठे पाळी जाते, कुठे पाच-दहा गुण.

बाकी नेहमीचंच. घड्याळ लावून खेळायचा सराव, बहुतेक ठिकाणी प्रत्येकी २५ मिनिटं. शंभर टाइल्सचा हिशेब ठेवायला कागद. दोन पेनं. आदल्या रात्री नवीन शब्द नाही, झोप. आणि पोचल्यावर, कितीही बावळट वाटलं तरी, नोंदणीच्या टेबलावर पुन्हा एकदा: यादी कोणती?