उबळलेली तूर फेकण्याआधी

तूर उबळली, म्हणजे मर रोगानं उभी वाळू लागली, की आमच्या दर्यापूरकडं पहिला सल्ला येतो, पाणी द्या. खारपाणपट्ट्यातलं पाणी, तेही! मी म्हणते, आधी चाकू काढा.

पूर्ण वाळलेलं झाड घेऊ नका. त्यावर नंतर आलेल्या कुजव्या बुरश्याच जास्त सापडतात. मर लागलेल्या ठिकाणाच्या कडेचं, अर्धं हिरवं झाड खोदून काढा; ओढलं तर बारीक मुळ्या मातीतच राहतात.

खोड उभं चिरा. आत तपकिरी-काळ्या रेघा असतील तर बहुधा फ्युजेरियम बुरशीची मर. सालीखाली कोळशाच्या भुकटीगत काळे कण दिसले तर मॅक्रोफोमिना ही बुरशी. ती उष्णतेत आणि पाण्याच्या ताणात बळावते. बुंध्याशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे असतील तर स्क्लेरोशियम. यात काहीच बसत नसेल, तर तेच झाड जपा.

मुळं कागदात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये घाम सुटून सडतात. मुळांजवळची माती वेगळी घ्या. वहीत तारीख, मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश, वाण, मागचं पीक, पाऊस, शंभरातली किती झाडं गेली ते लिहा. चिरलेल्या खोडाचा फोटो मोजपट्टी ठेवून काढा. नुसतं ‘तूर खराब’ लिहिलेली चिठ्ठी कुणाच्याच कामाची नाही.

नुसत्या डोळ्यांनी बुरशीची प्रजाती ठरत नाही. नमुना अकोल्याच्या कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्राच्या लोकांना दाखवा. बुरशी दुर्मीळ निघाली, तर पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहात ती जमा करण्याबद्दल त्यांनाच विचारा, आणि तिथला क्रमांक वहीत त्याच नोंदीपुढं चढवा.