पालकांचा गट सुरू करताय? आधी मुलांची खोली ठरवा

इंदुरात स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांचा गट काढायचं मनात असेल, तर गटाचं नाव, व्हॉट्सॲप, फलक हे सगळं नंतर. पालक बोलत बसतील तेव्हा मुलं कुठे असतील आणि त्यांच्याजवळ कोण असेल, हे आधी ठरवा. आमचा पहिला गट एवढ्या एकाच गोष्टीपायी बंद पडला. जागा होती, माणसं होती, चहा-पोहे होते. आया मात्र दाराशी उभ्या, एक डोळा मुलावर आणि एक जिन्यावर. वाक्य अर्धं टाकून धावायचं, परत यायचं, तोवर विषय पुढे गेलेला. हळूहळू त्या यायच्या थांबल्या. उरले ते ज्यांच्या घरी आजी-आजोबा मूल सांभाळतात ते, म्हणजे ज्यांना आधार त्यातल्या त्यात होता तेच.

म्हणून दोन खोल्या हव्यात, लागूनच, एकाच मजल्यावर, आणि तो मजला तळाचा. एकच मोठा हॉल आहे, कोपऱ्यात सतरंजी टाकू, असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. कोपऱ्यातलं मूल आईला बघतं आणि आईकडेच येतं. खोली बघायला जाल तेव्हा गुडघ्यावर बसून बघा. पलंगाखाली, कपाटामागे काय आहे, स्विचबोर्ड किती खाली आहे, खिडकीला गज आहेत का, मागचं दार गच्चीकडे किंवा रस्त्याकडे उघडतं का. दाराची कडी मुलाचा हात पोचणार नाही अशी वर हवी. पंखा लावून ऐका. खडखड करत असेल तर काही मुलं कानावर हात ठेवून पूर्ण दोन तास काढतील. शेजारी पिठाची गिरणी असेल तर ती जागा सोडाच.

आता त्या खोलीत माणसं कोण. मोठी माणसं दोन, कायम दोन. एकट्या माणसाच्या हवाली मुलं कधीही करायची नाहीत, तो कितीही ओळखीचा असो. पालकांनीच पाळीपाळीने बसावं हा उपाय सगळ्यांना पहिल्यांदा सुचतो, पण मग दर वेळी दोघांची बैठक बुडते, आणि ज्या आईची पाळी तिलाच त्या दिवशी बोलायचं असतं. विशेष शिक्षणाचं बी.एड. करणारी मुलं-मुली विचारा, निवृत्त शिक्षिका विचारा, भावंडांपैकी अठरा पूर्ण झालेलं कोणी असेल तर त्याला विचारा. जाण्यायेण्याचं भाडं आणि थोडं मानधन द्या, फुकट राबवू नका. प्रत्येक मुलाची एक चिठ्ठी आईकडून लिहून घ्या: काय खातं, कशाला घाबरतं, फिट येते का, आली तर काय करायचं, शौचाला जायचं असेल तर कसं सांगतं. आणि त्या दोघांपैकी एक ऐनवेळी आला नाही तर? तिसरं नाव आधीच काढून ठेवा. तिसरंही नसेल तर त्या दिवशीची बैठक पुढे ढकला. मुलांच्या खोलीशिवाय बैठक नाही, याला अपवाद करू नका. एकदा केलात की दुसऱ्यांदा होतो.

जागेचं बाकी थोडक्यात. कमोड असलेलं स्वच्छतागृह, व्हीलचेअर आत जाईल एवढं दार, पिण्याचं पाणी. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांत आपल्या मराठी लोकांच्या ओळखीने खोल्या मिळतात; मागायला संकोच करू नका. देवळाचं सभागृह मिळालं तर आधी विचारा की त्या वेळी आरती किंवा भजन नाही ना.

वेळ: महिन्यातला एक ठरलेला रविवार, सकाळी. बदलायचा नाही. फक्त रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते आणि अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, असतात, त्या दिवसांच्या आसपासचा रविवार आधीच पुढे सरकवा. मुलांची झोप आणि रस्ते, दोन्ही ठिकाणावर नसतात.

माणसं: सात-आठ कुटुंबं पुरेत. इथे मराठी गट म्हणून सुरू केलात तरी दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीला माळवी, सिंधी, गुजराती पालक येतील, आले पाहिजेत. त्यांच्यासमोर हिंदीत बोला. काकू-मावशी मराठीतच बोलत राहतात आणि नवी आई कोपऱ्यात हसून बसते, असं होऊ देऊ नका. वडिलांना वेगळा निरोप द्या, आईमार्फत नको. ‘तुम्हीही या’ याने येत नाहीत. ‘भाऊ, दहाला खुर्च्या लावायला तुम्ही हवेत’ याने येतात, आणि आले की बसतात.

पहिल्या बैठकीला डॉक्टर किंवा थेरपिस्टचं भाषण ठेवू नका. भाषण ठेवलं की पालक प्रश्न विचारणारे होतात, एकमेकांशी बोलत नाहीत. गोल बसा. तीन नियम सांगा आणि दर वेळी पुन्हा सांगा: इथलं बाहेर जाणार नाही, दुसऱ्याच्या मुलाचं निदान करायचं नाही, न विचारता सल्ला नाही. पहिला नियम मोडला तर गट गेला, कारण इंदूरच्या मराठी मंडळींत दोन घरं सोडली की नातं निघतं. कोणी फार खचलेलं दिसलं तर तिथेच समजावत बसू नका. सोबत एक जण द्या आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लावून द्या, तो चोवीस तास चालतो.

कागदांसाठी एखादी बैठक राखा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. मग नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना, तिच्यात एक लाख रुपयांपर्यंतच्या खर्चात ओपीडी आणि थेरपीही येते, पण दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. आणि पालकत्व. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो, तिचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. सतरा वर्षांच्या मुलांच्या पालकांना हे फोन करून सांगा, बैठकीची वाट बघू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, तेव्हा ‘आमचं यात बसत नाही’ असं म्हणून कोणी परत जाणार नाही हे बघा.

व्हॉट्सॲपवर सुप्रभात, देवाचे फोटो आणि ‘सहा महिन्यांत बरं करतो’ वाले व्हिडिओ बंद. शेवटचं फार घातक आहे, लोक त्यापायी दागिने मोडतात. मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय टाकायचे नाहीत.

पैसे: डबा फिरवा, कोण किती टाकतं ते बघू नका. हिशेब वहीत, वही सगळ्यांना बघायला खुली. खर्चात पहिला वाटा मुलांच्या खोलीचा, चहाचा त्यानंतर.

पुढे टिकवायचं तर किल्ली दोघांकडे, यादी दोघांकडे, आणि सहा महिन्यांनी दोघंही बदला. दोन बैठका न आलेल्याला फोन करा, ‘का नाही आलात’ न विचारता ‘मुलाला सांभाळायला कोणी हवंय का’ असं विचारा. नोंदणीची घाई नको; वर्षभर गट चालला तर मध्य प्रदेशच्या 1973 च्या सोसायटी कायद्याखाली सात सदस्य लागतात, तेव्हा बघा. पदं वाटण्यावरून भांडण होणार असेल तर नोंदणी आणखी वर्षभर राहू द्या.