नागपुरात शिकायला येताय? 'मॅटर' मिटवायला जाऊ नका

गावाकडून येणाऱ्या पोरांना रूमभाडं, मेस, बर्डीवरचे (सीताबर्डी बाजारातले) पाकीटमार हे सगळे जण सांगतात. मार कुठून बसतो, चाकू कुठून लागतो, ते कोणी सांगत नाही.

अनोळखी चोराकडून फार कमी वेळा. सुरुवात पानठेल्यावर किंवा पार्किंगमध्ये होते. धक्का लागला, रोखून पाहिलं, इन्स्टाग्रामवर काही टाकलं, मुलीवरून बोलणं झालं. इथे याला खुन्नस म्हणतात. त्या वेळी शिव्यांवर भागतं, घात दुसऱ्या भेटीत होतो. रात्री फोन येतो, "भाई, आ जा, बैठ के मॅटर निपटाते हैं." जागा एखादं मैदान, नाही तर रिंग रोडच्या कडेची मोकळी जागा. जाऊ नका. मित्र घेऊनही नका. तुम्ही चार गेलात तर ते आठ येतात, आणि त्यातला एक नुसता धाक दाखवायला म्हणून चाकू आणतो. फोन ठेवा, चॅटचे स्क्रीनशॉट काढा, धमकी असेल तर त्याच रात्री जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी द्या.

आपल्या जिल्ह्याचा सीनियर "आपला माणूस अडकला, चल" म्हणाला तरी हेच. जिल्ह्याजिल्ह्याचे गट करण्याची खोड आपण गावाहून सोबत आणतो, आणि गर्दी दाखवायला नवीन पोट्टेच नेले जातात. पाच किंवा जास्त जण मारायला म्हणून जमले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 190 खाली वार एकाने केला तरी बाकीचेही आरोपी होतात. तुम्ही मागे गाडीवर बसून होता, हे नंतर कोर्टात सांगत बसावं लागतं.

रॅगिंग असेल तर 1800-180-5522.

काही घडलंच तर 112 लावा. वर्धा रोड, हिंगणा रोडवर असाल तर मेट्रोच्या खांबावरचा नंबर सांगा, गाडी लवकर सापडते. चाकू रुतलेला असेल तर उपसू नका, तोच रक्त अडवून धरतो. रक्त वाहत असेल तर दुपट्टा घट्ट दाबून धरा, 10 मिनिटं उचलून बघू नका. पोटात वार असेल तर पाणी पाजू नका. मेडिकल किंवा मेयो ही इथली सरकारी हॉस्पिटलं, जे जवळ असेल तिथे न्या आणि मारहाण झाली हे स्पष्ट सांगा. "गाडीवरून पडलो" म्हणालात की कागदावर तेच लिहिलं जातं, आणि पुढे केस तिथेच लटकते.

हद्द आमची नाही, असं ठाण्यात म्हणाले तर झीरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असो, नोंद त्याच ठाण्यात होते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंदच घेत नसतील तर पोलीस उपायुक्तांना लेखी तक्रार पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा. रक्ताचे कपडे धुऊ नका. वाळवून कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. आणि समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचं फुटेज जप्त करा, असं पहिल्याच दिवशी अर्जात लिहा. काही दिवसांत त्याच्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं.