स्नोमोबाइलच्या हंगामी कामाला येताय? आधी खोली बघा

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात व्हिस्लर, रेव्हलस्टोक, गोल्डन, व्हेलमाउंट इथे स्नोमोबाइलच्या, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटरगाडीच्या, सहली साधारण डिसेंबर ते मार्च-एप्रिल चालतात, पण बरीचशी भरती सप्टेंबर-ऑक्टोबरातच उरकते. ‘नाताळच्या सुमारास बघू’ असं सांगणाऱ्या आपल्या मंडळींनी गोदामांत कामं केलेली असतात. त्यांचा सल्ला डोंगरात चालत नाही.

ओपन वर्क परमिट (कुठल्याही मालकाकडे काम करायची परवानगी) किंवा पीआर, म्हणजे कायमचं वास्तव्य, असेल तर प्रश्न नाही. परमिटवर एकाच मालकाचं नाव असेल तर दुसरीकडे हात लावू नका. विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला २४ तासांचीच मुभा आहे. नोकरी लावून देण्यासाठी कोणी पैसे मागितले तर ते इथे बेकायदा आहे, मागणारा मराठीत गोड बोलत असला तरी.

पहिल्याच अर्जात ‘गाइड व्हायचंय’ लिहू नका. पहिला हिवाळा पाहुण्यांना बूट-हेल्मेट बसवून देण्यात, ओले सूट वाळत घालण्यात, पेट्रोल भरण्यात आणि फावड्याने बर्फ उपसण्यात जातो. आपल्या इंजिनियर मंडळींना यात कमीपणा वाटतो. पण रांगेच्या शेवटी राहणारा टेल गाइड बहुधा याच माणसांतून निवडतात. हिमस्खलनाचा एएसटी-१ कोर्स स्नोमोबाइलवाल्यांसाठी वेगळा असतो, तो करून ठेवा. ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा माग देणारं सिग्नल यंत्र) अंगावर, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं पाठीवरच्या पिशवीत. गाडीच्या पेटीत ठेवलेलं फावडं गाडीबरोबरच गाडलं जातं.

टू-स्ट्रोकचा वास लूना चालवलेल्यांच्या ओळखीचा, पण इथल्या हल्लीच्या मशीनमध्ये ऑइलची टाकी वेगळी असते, पेट्रोलमध्ये मिसळायचं नाही. सहलींच्या बऱ्याच गाड्या तर फोर-स्ट्रोकच असतात. खरी फजिती सकाळी होते. रात्री ओल्या बर्फावर उभ्या केलेल्या गाडीचा ट्रॅक, म्हणजे खालचा रबरी पट्टा, जमिनीला चिकटून गोठलेला असतो. नवखा सरळ थ्रॉटल दाबतो. ट्रॅक जागचा हलत नाही, क्लच फिरत राहतो आणि इंजिनाची ताकद ट्रॅककडे नेणारा ड्राइव्ह बेल्ट घासून जळतो. जळक्या रबराचा वास येईपर्यंत बेल्ट गेलेला असतो. म्हणून आधी पुढच्या स्की डावी-उजवीकडे हिसडून सोडवा, मग मागचा बंपर धरून गाडी उचला आणि आपटा, थ्रॉटल त्यानंतर. संध्याकाळीच फळ्यांवर उभी केली तर एवढंही लागत नाही. जादा बेल्ट गाडीत आहे का, हे बघूनच निघायचं.

आता राहण्याचं. खोली पक्की होईपर्यंत कामाला होकार देऊ नका. ‘स्टाफ हाउसिंग आहे’ म्हणजे तुमच्यासाठी पलंग आहे असं नव्हे. पलंग तुमच्या नावावर ठेवलाय का, भाडं पगारातून कापणार का, अनामत किती, मध्येच काम सोडलं तर किती दिवसांत जागा रिकामी करायची, सगळं लेखी घ्या. भाडं १ डिसेंबरला सुरू होतं, बर्फ त्याच्या सवडीने पडतो. कामावर बोलावून परत पाठवलं तर प्रांताच्या कायद्याने किमान २ तासांचा पगार मिळतो. बोलावलंच नाही तर काहीच नाही. दोन महिन्यांचं भाडं खात्यात हवंच. पुन्हा सांगतो, खोली नसेल तर बसचं तिकीट काढू नका.

भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून ९० दिवसच चालतं, चाचणीची तारीख लवकर घ्या.

सुती मोजे आणू नका, लोकरीचे घ्या. आणि चढावर गरम झालं म्हणून गॉगल कपाळावर चढवू नका. घामाची वाफ आत गोठते, मग दिवसभर तो पुसत बसावं लागतं.